चालू मशीनला हळदकुंकू

दसऱ्याच्या सकाळी पद्मिनीनं नवऱ्याचा लॅपटॉप पाटावर ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि मनोभावे हात जोडले. इथवर सगळं रीतसर. घोळ झाला तो त्याच्या जरा आधी, आणि तो दुसऱ्या कुणी नाही, तिनंच केला.

तात्यापारा नावाच्या मराठी वस्तीतल्या या घरात दसऱ्याची हत्यारांची पूजा कधी चुकली नव्हती. दिवाकर रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता, तेव्हा पाटावर त्याचा टेस्टर, पक्कड, पाने, पेचकस असं सगळं पुसून मांडलं जायचं. शेजारी पद्मिनीची शिलाई मशीन. आणि दिवाकरचा एक नियम होता, देवाधर्मापेक्षा कडक. चालू मशीनला हळदकुंकू लावायचं नाही. आधी बंद करायची, मगच हात लावायचा. पंखा पुसायचा असला तरी हा माणूस मेन स्विच पाडणार, आणि कुणी हसलं की त्याच्यावर डाफरणार. इतक्या वर्षांत तो नियम पद्मिनीच्या हाडीमाशी खिळला होता.

आता हत्यारं धरणारा माणूसच पलंगाला खिळला होता. मोटर न्यूरॉनचा आजार म्हणतात त्याला. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ, आणि डोकं मात्र जसंच्या तसं लख्ख. असलं अर्धवट काम का केलंस, असं पद्मिनीनं देवाला पुष्कळदा विचारलं होतं, चांगलं रागावून विचारलं होतं. हल्ली तर पापण्याही दिवाकरचं ऐकत नव्हत्या. उरला होता फक्त उजव्या हाताचा अंगठा. त्या अंगठ्याखाली एक बटण बांधलेलं असायचं आणि समोर स्टँडवर लॅपटॉप. पडद्यावरच्या अक्षरांवरून एक पिवळी चौकट सरकत जायची. हव्या त्या अक्षरावर ती आली की दिवाकर बटण दाबायचा, आणि वाक्य जुळलं की लॅपटॉप ते बोलून दाखवायचा, तेही दिवाकरच्याच आवाजात. जीभ जड व्हायला लागली तेव्हाच त्यांच्या मुलानं, गौतमनं, त्याच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली होती आणि पुण्याच्या ऑफिसातल्या दोस्तांना हाताशी धरून त्यातून हा आवाज घडवला होता. लॅपटॉपवर नेहमीची सिस्टम नसून लिनक्स होतं तेही म्हणूनच; बोलायचा प्रोग्राम त्यांनी त्याच्यावर बसवला होता. यंदा पाटावर पहिला मान लॅपटॉपचा, असं पद्मिनीनं ठरवलं ते उगाच नाही. आता तेच तर त्याचं हत्यार होतं.

आणि नेमक्या त्याच दुपारी डॉक्टर शर्मिष्ठा यायच्या होत्या. दिवाकरला श्वास पुरत नव्हता. नाकावरच्या मास्कनं आता भागत नव्हतं. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची आणि माणूस कायमचा श्वासाच्या मशीनला जोडायचा, की काहीच न करता जे होईल ते होऊ द्यायचं, हे ठरवायची वेळ आली होती. मला हे त्यांच्याच तोंडून ऐकायचंय, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हो म्हणाले तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरती करायचं. दिवाकर आदल्या संध्याकाळी एवढंच बोलला होता की उद्या डॉक्टरसमोरच सांगतो. पद्मिनीनं लाडीगोडी लावून पाहिली, रुसून पाहिली, पण पठ्ठ्या काही बोलला नाही.

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तसा तो कितीतरी महिन्यांत नव्हता म्हणा. मास्क जरा सरकला की मशीन कोकलायची, आणि ती उठायची. रात्रीपुरती एक नर्सबाई ठेवा, असं डॉक्टरांनी मागेच सुचवलं होतं. तेव्हा दिवाकरचे मोठे भाऊ रत्नाकर म्हणाले की घरात रातच्याले बाहेरची बाई कायले, आपण आहो ना. म्हणाले आणि अभनपुरला आपल्या घरी जाऊन झोपले. पण खरं सांगायचं तर पद्मिनीलाही ते नको होतं. माझ्या नवऱ्याचं मी करते, परकी बाई कशाला, हा तिचा तोरा.

तर अशा त्या सकाळी पडद्यावर अपडेटची खिडकी आली. ती अधूनमधून यायचीच, आणि तिच्यामागे दिवाकरची अक्षरं झाकून जायची. गौतमनं शिकवून ठेवलं होतं की बटण दाब, आणि संपेपर्यंत हात लावू नकोस. पद्मिनीनं दाबलं आणि दिवाकरचं अंग पुसायला घेतलं. तेवढ्यात अभनपुरहून रत्नाकरभाऊजी झेंडूच्या माळा आणि सोनपत्त्यांची, म्हणजे आपट्याची, फांदी घेऊन आले आणि आल्या आल्या मुहूर्ताची घाई लावली. पद्मिनीनं पडद्याकडे बघितलं. हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली होती, आणि मध्येच काहीतरी इंग्रजीत आलं होतं. चष्मा देवघरात राहिला होता. दिवाकर अंगठ्यानं बटण दाबत होता, टुक टुक, टुक टुक. तिला वाटलं, कुशीवर वळवायचं असेल. तिनं वळवलं. तरी टुक टुक चालूच.

"थांबा ना जरा, पूजा होऊ द्या," ती म्हणाली. पट्टी अडकली म्हणजे लॅपटॉप झोपला असणार, असं तिच्या जडावलेल्या डोक्यानं ठरवलं. पाटावर तर बंद मशीनच ठेवायची. म्हणून तिनं त्याचं बटण दाबून धरलं, हिरवा दिवा विझेपर्यंत.

पूजा आटोपली, आरती झाली. मग तिनं लॅपटॉप उचलायला हात घातला तसे रत्नाकर कडाडले. पूजेची हत्यारं संध्याकाळपर्यंत हलवत नाहीत, एवढं समजत नाही का? पद्मिनीनं त्यांच्याशी वाद घातला नाही. दोन अक्षता वाहिल्या, देवाला म्हणाली की माफ कर बाबा, यांना आज बोलायचं आहे. आणि लॅपटॉप उचलून स्टँडवर ठेवला, चालू केला.

काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर गेल्या आणि शेवटी एक रेघ लुकलुकत राहिली. चित्र नाही, अक्षरं नाहीत, पिवळी चौकट नाही. तिनं पुन्हा बंद करून चालू केला. तेच. दिवाकर पडद्याकडे बघत होता, आणि त्याचा अंगठा आता गप्प होता.

गौतम दसऱ्यासाठी घरीच यायला निघाला होता. गाडी गोंदिया सोडून पुढे आली होती. त्यानं फोन उचलला आणि सगळं ऐकून घेतलं.

"गेला का रे बाबांचा आवाज?" पद्मिनीनं विचारलं.

"नाही आई. तू देख, घाबरू नको. सामान अर्धं बसवलेलं असताना वीज गेली, असं समज. आवाज आतच आहे. फक्त मी सांगतो तसंच टाइप कर."

म्हणजे झालं होतं असं, की लॅपटॉपमधले जुने प्रोग्राम काढून नवे बसवायचं काम मधोमध असताना तिनं त्याचा गळा दाबला होता. काही नवे बसले होते, काही निम्मेच, आणि पडद्यावर चित्र दाखवणारं खातंच निम्म्यांत सापडलं होतं. गौतमनं आधी तिला देवघरातून चष्मा आणायला लावला, मग नाव टाइप करायला लावलं, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एक ठिपकाही उमटेना. आता कीबोर्डही गेला की काय, असं तिनं विचारलं. गौतम म्हणाला, तो दिसतच नाही आई, तू टाइप करत राहा. दुसऱ्यांदा जमलं. मग त्यानं एकेक अक्षर सांगितलं. सुडो, जागा सोड. डी, पी, के, जी, जागा सोड. दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून कॉन्फिगर, जागा सोड. एक रेघ आणि ए. अर्धवट राहिलेलं सगळं पुरं कर, असा त्या ओळीचा अर्थ. पद्मिनीनं एंटर दाबलं.

लॅपटॉप म्हणाला, कुलूप लागलेलं आहे. दुसरं कुणीतरी आत काम करतंय.

"दुसरं कोण?" पद्मिनी रडकुंडीला आली. "इथं कोनीच नाही रे."

गौतमनं समजावलं की चालू झाल्याबरोबर लॅपटॉपनं स्वतःच मागच्या मागे दुरुस्ती सुरू केली असेल. दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून तो कुलूप लावतो. काम झालं की ते आपोआप निघेल. "कुणी सांगितलं तरी कुलूप तोडू नको आई. थांब, आणि थोड्या वेळानं तीच ओळ पुन्हा दे. नाही जमलं तर मग सुडो ॲप्ट..." आणि आवाज तुटला. सालेकसा स्टेशन आलं होतं. तिथून डोंगरगडपर्यंत सगळं जंगल, डोंगर आणि बोगदा. रेल्वेवाल्याच्या बायकोला हे सांगावं लागत नाही.

"सुडो ॲप्ट काय?" ती फोनला विचारत राहिली. फोन काय सांगणार, कपाळ!

इकडे रत्नाकरांचा धीर सुटला. वाईट माणूस नाही तो. भावावर जीव आहे, पण त्याचा जीव नेहमी घाईत असतो. त्यांनी चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन लावला, आणि धर्मपाल म्हणून तिथला एक माणूस पेनड्राइव्ह खिशात घालून आलाही. त्यानं पडदा बघितला आणि हसत म्हणाला की भाभीजी, फिकर मत करो, लॉक फाइल उडा देते हैं, नहीं माना तो फॉर्मेट मार देंगे, नया हो जाएगा. पद्मिनीनं विचारलं की यातला यांचा आवाज राहील का. तो म्हणाला, वो तो सब साफ हो जाएगा, पर सिस्टम एकदम मक्खन चलेगा.

"साफ होऊ दे," रत्नाकर म्हणाले. "गौतमकडे नक्कल आहे ना पुण्याले? मागून टाकन तो. आता डॉक्टर येतीन. आपण दिवाकरले विचारू, नळी लावायची का? अंगठा हलवला का हो. त्यात काय?"

त्यात काय? पद्मिनीनं मनात म्हटलं. अंगठा हलवला की हो. दिवाकरचा अंगठा तर हल्ली आपसूकही उडायचा. त्यासाठीच गौतमनं गेल्या दिवाळीत दिवसभर बसून, बापाचा अंगठा हातात धरून, किती वेळ दाबलं तर खरं मानायचं आणि किती वेळ सोडून द्यायचं, हे लॅपटॉपला शिकवलं होतं. आणि समजा अंगठा खरंच हलला. पण विचारायचं काय, ते तर भाऊजीच ठरवणार. कालपासून माणूस मनात काहीतरी जुळवतोय, ते एका हो-नाहीत मावतं का?

पण त्याच वेळी तिच्या मनात दुसरंही काही आलं, आणि ते आलं म्हणून तिची तिलाच लाज वाटली. लॅपटॉप दुरुस्त नाही झाला, तर दिवाकर 'नाही' म्हणूच शकणार नाही. भाऊजी विचारतील, अंगठा उडेल, सगळे हो समजतील आणि नळी लागेल. माणूस राहील. हाताशी राहील, पलंगावर का होईना, राहील. आणि लॅपटॉप चालू झाला, आणि त्यातून दिवाकरच्या आवाजात 'नको' आलं, तर? ते ऐकायला ही सगळी धडपड ती आपल्याच हातानं करत होती. धर्मपाललाच हो म्हटलं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता. तो खुर्चीच्या काठावर पेनड्राइव्ह बोटात फिरवत बसलाच होता.

तिनं दिवाकरकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत होता. ते डोळे सकाळपासून काहीतरी सांगत होते आणि तिला ते वाचता येत नव्हतं.

"धर्मपालभैया," ती म्हणाली, "चहा घ्या आणि दुकानात जा. तुमची पूजा व्हायची असेल अजून. इथं कोनी काही साफ करणार नाही."

रत्नाकर चिडले. तुले समजते का त्यातलं काही, म्हणाले. नाही समजत, पद्मिनी म्हणाली, पण थांबायचं कसं ते समजते. धर्मपालनं चहा घेतला, दोघांना नमस्कार केला आणि तो गेला. बिचाऱ्याच्या दुकानाची पूजा खरोखरच राहिली होती.

आता ती आणि ते कुलूप. ओळ दिली की कुलूप. जरा थांबून पुन्हा दिली, कुलूप. बाहेर पाऱ्यातली पोरं रावणासाठी फटाके फोडून बघत होती. डॉक्टरांचा मेसेज आला, निघतेय. पद्मिनीनं दिवाकरचा मास्क नीट केला, कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा एकेक अक्षर जुळवलं. सुडो. डी, पी, के, जी. या खेपेला कुलूप नव्हतं. ओळी धबाधबा खाली यायला लागल्या. हे बसवलं, ते बसवलं. तिला वाटलं, सुटलो. आणि तेवढ्यात सगळं थांबलं. एक वस्तू इतकी मोडली आहे की ती नव्यानं आणून बसवावी लागेल, असं काहीतरी लिहून आलं.

नशीब एवढंच, की शेवटी लॅपटॉपनंच सुचवलं होतं की ही ओळ देऊन बघा. तिची सुरुवात सुडो ॲप्टनंच होती. गौतमचं तुटलेलं वाक्य! तिनं ती ओळ अक्षरन् अक्षर बघून टाइप केली. पण नवं आणायला इंटरनेट लागतं आणि लॅपटॉप काळा पडला तेव्हापासून वायफायनंही मान टाकली होती. फोन केबलनं लॅपटॉपला जोडून नेट कसं द्यायचं, ते तिला माहीत होतं, पावसाळ्यात लाइन तुटली की गौतम तेच करायला लावायचा. पण तिचा फोन गौतमसाठी मोकळा ठेवायला हवा होता. तिनं रत्नाकरांपुढे हात पसरला.

"भाऊजी, तुमचा फोन द्या."

"माझा काहून?"

"नेट पायजे. तुमच्या भावाले बोलायचं आहे."

रत्नाकरांना सकाळपासून दसऱ्याच्या शुभेच्छांचे फोन येत होते. फोन हातचा सोडणं त्यांच्या जिवावर आलं. पण त्यांनी दिला. दिला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. नळी नाही लावली तर किती दिवस, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. पद्मिनीला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

फोन जोडला. आकडे हलू लागले. थोडं आलं, अडलं, पुन्हा आलं. जिन्यावर चपलांचा आवाज झाला तो डॉक्टर शर्मिष्ठांचा. त्या आत आल्या, काळा पडदा बघितला आणि दिवाकरची नाडी धरून बसल्या. आणि तेव्हाच पडद्यावर एक प्रश्न येऊन उभा राहिला.

पद्मिनीनं चष्मा सावरून तो दोनदा वाचला. सेटिंगची एक फाइल आहे, ती तुमच्याकडे कुणीतरी बदललेली दिसते. आमची नवी घ्यायची, की तुमची आहे तीच ठेवायची? घ्यायची असेल तर वाय दाबा. ठेवायची असेल तर एन.

हेच इंग्रजी सकाळी आलं होतं! पट्टी अडकली नव्हती, लॅपटॉप झोपला नव्हता. तो मुकाट्यानं उत्तराची वाट बघत होता, आणि दिवाकरला ते समोर दिसत होतं. त्याची अक्षरं त्या खिडकीमागे झाकलेली होती, म्हणून तो नुसता बटण दाबत होता. टुक टुक. आणि तिनं त्याला कुशीवर वळवलं होतं.

वाय की एन? फोन लावला, गौतम जंगलातच होता. नवं ते चांगलं, असं सगळे म्हणतात. पण बदललेली, असं लिहिलं होतं. कुणी बदलली असेल? या घरात लॅपटॉपमध्ये बदल करणारा एकच, आणि त्यानं जे बदललं ते बापाचा अंगठा हातात धरून बदललं होतं.

"आमची आहे तीच राहू द्या," पद्मिनी पडद्याला म्हणाली आणि तिनं एन दाबलं.

ओळी पळाल्या, थांबल्या. पुढे काही तक्रार आली नाही. तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला आणि डोळेच मिटून घेतले. ते उघडले रत्नाकरांच्या "आलं, आलं!" नं. पडद्यावर अक्षरं होती. पिवळी चौकट अ वरून आ वर सरकत होती.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. नळी म्हणजे काय, मशीन म्हणजे काय, काय मिळेल आणि काय मिळणार नाही, सगळं त्यांनी पुन्हा एकदा सरळ मराठीत सांगितलं. "दिवाकरजी, तुम्हाला काय हवं ते सांगा. मी थांबते."

चौकट फिरू लागली. अंगठा दाबला, सुटला. एकेक अक्षर येत होतं आणि पद्मिनी पडद्याकडे बघत नव्हती. ती दिवाकरच्या पायाशी उभी राहून त्याच्या पांघरुणाचा काठ मुठीत धरून होती. पहिलं अक्षर न आहे, एवढं तिला दिसलं होतं, आणि तेवढ्यानं तिचा जीव अर्धा झाला होता.

मग खोलीत दिवाकरचा आवाज आला. तोच, जरा खरखरीत, वाक्याच्या शेवटी खाली येणारा.

"नळी लावा."

रत्नाकरांनी तोंडावर पंचा धरला. पद्मिनीनं मुठीतला पांघरुणाचा काठ सोडला. डॉक्टर काही बोलणार, तर चौकट पुन्हा फिरायला लागली होती. सगळे थांबले.

"पण रातच्याले बाई ठेवा. नाई तर नळी नको."

"अरे दिवा, आपण आहो ना..." रत्नाकर सवयीनं म्हणाले, आणि पुढचं त्यांचं त्यांनीच गिळलं.

पद्मिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं, रागाचं होतं. एवढे महिने रात्रीचा दिवस केला, आणि आज डॉक्टरसमोर परकी बाई मागतो हा माणूस? "माझं काय कमी पडलं?" तिनं विचारलं. "सांगा ना. माझं काय चुकलं?"

चौकट फिरत राहिली. हे वाक्य लांब होतं. बाहेर फटाके वाजत होते, श्वासाची मशीन फुसफुसत होती.

"सकाळी झोपेत लॅपटॉप बंद केला. उद्या माझी मशीन बंद करशीन."

पद्मिनीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती अशी रडायला लागली की डॉक्टरांना उठून तिला धरावं लागलं. त्याचं खरं होतं. पट्टी अडकलेली दिसली आणि तिनं बटण दाबून धरलं होतं, दिवा विझेपर्यंत. अशीच एखाद्या पहाटे श्वासाच्या मशीनकडे बघून तिचं जडावलेलं डोकं काय ठरवेल, याचा नेम नव्हता. तिचं काही कमी पडलं नव्हतं. तिला झोप कमी पडली होती, आणि या घरात ते फक्त त्याला दिसलं होतं, जो पलंगावरून हलू शकत नव्हता.

दिवाकरचा अंगठा पुन्हा हलला.

"पद्मिनी. हो म्हण."

डॉक्टर तिच्याकडे बघत होत्या. रत्नाकर बघत होते. सकाळपासून त्याला बोलता यावं म्हणून ती देवाशी, दिराशी, कुलपाशी भांडली होती, आणि आता सगळे तिच्या उत्तराची वाट पाहत होते. गळ्याशी आलेला तो जुना तोरा तिनं एकदा गिळला. सोपं नव्हतं ते.

"हो," ती म्हणाली. "ठेवू बाई."

मग तिनं फांदीवरून सोन्याचं एक पान तोडलं आणि त्याच्या डाव्या हातात ठेवलं, कारण उजवा अजून बोलत होता.